जो लुईचा पराभव : उतार कीं उणीव ?

१९३६ सालच्या जून महिन्याच्या १९ तारखेस रात्रीं न्यू यॉर्क शहरांतील यांकी स्टेडियम या विस्तीर्ण क्रीडांगणावर एक बावीस वर्षांचा कृष्णवर्णी तरुण बाराव्या फेरींत गुडघ्यांवर आला, क्षणभर दोरखंडाला हात अडकवून राहिला आणि मग तोंडघशीं पडला. पंचानें दहा आंकडे मोजले; तो उठला नाहीं. जो लुई हें त्याचें नांव. धंदेवाईक मुष्टियोद्धा म्हणून रिंगणांत उतरल्याला त्याला जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं, आणि तेवढ्या अवधींत तो एकदांहि हरला नव्हता. त्याला पाडणारा जर्मन मॅक्स श्मेलिंग तिशीचा होता, एकदां जगज्जेतेपद मिळवून गमावून बसलेला होता, आणि सामन्यापूर्वीं त्याच्यावर पैसे लावणारा मनुष्य शहाण्यांत गणला जात नव्हता.

असा अनपेक्षित पराभव झाला म्हणजे लोक ताबडतोब कारण शोधूं लागतात, आणि जें पहिलें हाताशीं येईल तेंच खरें मानतात. लुईच्या बाबतींत दोन कारणें पुढें आलीं. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, या मुलांत होतें तेवढें सरलें. हा वर्तमानपत्रांनीं फुगविलेला फुगा होता, तो फुटला. दुसरा पक्ष संख्येनें लहान होता. तो म्हणत होता कीं, मुलगा जसा होता तसाच आहे. फक्त त्याच्या बचावांत पहिल्यापासून एक छिद्र होतें, तें आतां एकानें शोधून काढलें. कांहीं भाबड्या चाहत्यांनीं तिसरें कारणहि काढलें, कीं कोणीं तरी त्याला गुंगीचें औषध चारलें; पण त्याकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं.

पहिल्या दोन कारणांतील भेद मात्र शब्दांचा नव्हे. वर्गांत नेहमीं पहिला येणारा मुलगा एखाद्या वर्षीं गणितांत नापास झाला, तर त्याची बुद्धि मंदावली असें समजावयाचें, कीं त्रैराशिकाची एक रीत तो आरंभापासून चुकीची करीत होता आणि यंदां नेमका तोच प्रश्न आला असें समजावयाचें ? पहिलें समजलें तर बाप त्याला शाळेंतून काढून दुकानावर बसवील; दुसरें समजलें तर पंधरा दिवस शिकवणी ठेवील. मुष्टियुद्धांत ही चूक अधिकच महाग पडते. ज्याची एक खोड सुधारावयाची आहे त्याला घरीं धाडलें तर एक आयुष्य फुकट जातें. आणि ज्याला घरीं धाडावयाचें त्याला पुन्हां रिंगणांत उभें केलें तर त्याच्या मस्तकावर ठोसे बसतात. लुईच्या चरित्रांत विशेष हा कीं, या दोन्ही प्रकारचे पराभव एकाच माणसाच्या वांट्याला आले. अधिकृत सामन्यांत तो सारा तीन वेळां हरला : १९३६ सालीं श्मेलिंगकडून, १९५० सालीं एझार्ड चार्ल्सकडून आणि १९५१ सालीं रॉकी मार्सियानोकडून. त्यामुळें या प्रश्नाचा अभ्यास करावयास त्याच्याइतकें सोयीचें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

ज्या श्रोत्यांचा परिचय कुस्तीशीं आहे पण मुष्टियुद्धाशीं नाहीं, त्यांच्याकरितां एक खुलासा अवश्य आहे. कुस्तींत पाठ मातीला लागली कीं निकाल लागला. मग ती शक्तीनें लागली कीं एखाद्या चोरट्या डावानें, हें पाहण्यास पुष्कळदां डोळा पुरत नाहीं. मुष्टियुद्ध तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांनीं चालतें, दोन फेऱ्यांमध्यें एक मिनिट विसांवा असतो, आणि पडलेल्या माणसाला दहा आंकडे मोजून होईपर्यंत उठण्याची संधि असते. (चार बाजूंनीं दोर लावलेल्या चौकोनाला इंग्रजींत रिंग, म्हणजे वर्तुळ कां म्हणावें, हें त्या भाषेचें एक नवल आहे.) यामुळें येथें पराभव हळूहळू घडतांना दिसतो. शिवाय मोठ्या सामन्यांचीं चलच्चित्रें घेतलेलीं असतात, आणि तीं पुन्हां पुन्हां पाहतां येतात. श्मेलिंगनें नेमकें हेंच केलें होतें.

जो लुई १९१४ सालीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत, अलाबामा संस्थानांत, शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांत जन्मला. बारा वर्षांचा असतांना घरचीं माणसें डिट्रॉइट या मोटारींच्या शहरीं आलीं. आईनें व्हायोलिन शिकण्याकरितां दिलेले पैसे तो तालमीच्या वर्गणींत भरीत असे, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्याचा गुरु जॅक ब्लॅकबर्न हा स्वतः एके काळचा नाणावलेला मुष्टियोद्धा. गुरुशिष्य एकमेकांस ‘चॅपी’ या एकाच नांवानें हांक मारीत. ब्लॅकबर्ननें त्याला पाय जमिनीला धरून सरकत पुढें जावयास, हात फार न फिरवितां आंखूड व सरळ ठोसा मारावयास शिकविलें. १९३५ सालच्या जूनमध्यें लुईनें साडेसहा फुटांच्या सुमारास उंची असलेल्या माजी जगज्जेत्या प्रिमो कार्नेराला सहाव्या फेरींत, आणि सप्टेंबरांत दुसरा माजी जगज्जेता मॅक्स बेअर यास चौथ्या फेरींत निकालांत काढलें. एवढ्या कोंवळ्या वयांत एवढी भयंकर ठोसेबाजी पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती.

आतां त्याच्या डाव्या हाताकडे वळलें पाहिजे. उजव्या हातानें जोरकस मारणारा योद्धा डावा खांदा पुढें करून उभा राहतो, आणि डाव्या हाताची मूठ सरळ रेषेंत झटकन् पुढें फेंकून प्रतिपक्ष्याच्या तोंडावर टोंचा मारतो. याला जॅब म्हणतात. सुताराला जसा गज, तसा मुष्टियोद्ध्याला जॅब. अंतर मोजणें, समोरच्याला थोपविणें, मागच्या उजव्या ठोशाला वाट करून देणें हीं सगळीं कामें तोच करतो. या ठोशाचा नियम असा कीं, हात ज्या रेषेनें गेला त्याच रेषेनें परत यावयास पाहिजे, म्हणजे मूठ पुन्हां गालाशीं व खांदा हनुवटीशीं येतो. लुईचा जॅब भयंकर होता. तो नुसता टोंचा नसे, त्यानें मान मागें जाई. पण जातांना सरळ जाणारा हा हात परत येतांना खालून येई. कोपर छातीशीं, मूठ कमरेच्या अंगाला, आणि मग वर. तेवढा वेळ, म्हणजे सेकंदाचा कांहीं भाग, त्याच्या डाव्या गालावर पहारा नसे.

ही खोड एवढ्या चांगल्या गुरूच्या हाताखालीं टिकली कशी, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असें दिसतें कीं, तिचा फायदा होत होता. खालीं आलेल्या डाव्या हातांतून लुई वांकडा, आंकड्यासारखा ठोसा, म्हणजे हुक, फार सहज मारी. आणि ज्याच्या तोंडावर नुकताच तो जॅब बसला आहे तो मनुष्य उलट ठोसा मारण्याच्या मनःस्थितींत नसे. तो मागें सरत असे. दोष होता, पण त्याबद्दल शिक्षा करणारा कोणी भेटला नव्हता. जोंवर जिंकणें चालू आहे तोंवर अशा दोषाला लोक शैली म्हणतात. जुना कृष्णवर्णी जगज्जेता जॅक जॉन्सन मात्र लुईच्या बचावांतील हें व्यंग उघडपणें बोलून दाखवी. परंतु त्याचें व लुईच्या मंडळींचें जमत नसल्यामुळें तें मत्सराचें बोलणें म्हणून सोडून देण्यांत आलें.

१९३५ च्या डिसेंबरांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें लुईनें स्पेनच्या पाउलिनो उझकुदून याला चौथ्या फेरींत लोळविलें, तेव्हां श्मेलिंग प्रेक्षकांत बसला होता. इतर प्रेक्षकांनीं उझकुदूनची दुर्दशा पाहिली. श्मेलिंगनें लुईचा डावा हात पाहिला. आपणांस कांहीं तरी दिसलें आहे एवढेंच तो पत्रकारांना सांगे. काय दिसलें तें सांगत नसे, आणि पत्रकार त्याला हंसत. मग त्यानें लुईच्या सामन्यांचीं चलच्चित्रें मिळवून तीं पुन्हां पुन्हां पाहिलीं. श्मेलिंगच्या सगळ्या भात्यांत एकच खरा बाण होता, त्याचा सरळ उजवा ठोसा. आणि त्याच बाणाला बसेल असें छिद्र त्याला सांपडलें होतें.

सामन्यांत पहिल्या तीन फेऱ्या लुईचा जॅब बसत राहिला व श्मेलिंगचा डोळा सुजूं लागला. हा मार श्मेलिंगनें हिशेबांत धरलेला होता. चौथ्या फेरींत लुईचा डावा हात खालीं येत असतांना त्याच्या खांद्यावरून श्मेलिंगचा उजवा हात गेला आणि लुईच्या हनुवटीशीं पोंचला. लुई हेलपाटला, त्याच फेरींत तो खालीं पडला. धंद्यांत पडल्यानंतर तो जमिनीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. तो तत्काळ उठला, पण पुढील आठ फेऱ्या त्या एकाच वाटेनें तोच ठोसा येत राहिला. डावा गाल इतका सुजला कीं चेहरा ओळखूं येईना. तरी तो बाराव्या फेरीपर्यंत उभा होता.

या हकीकतींतच निदान आहे. ज्याचें शरीर उताराला लागलें आहे तो मनुष्य चौथ्या फेरींत तसा मार खाऊन बाराव्या फेरीपर्यंत पाय रोवून राहात नाहीं. दुसरें असें कीं, ओसरलेल्या माणसाला सगळ्या बाजूंनीं मार बसतो. डावा, उजवा, पोटांत, बरगडींत, जो येईल तो. लुईला मार बसला तो एकाच हाताचा, एकाच जागीं, एकाच वाटेनें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे. ज्या सामन्यांत लुई सहज जिंकला होता त्यांचीं चित्रें काढून पाहिलीं तर तोच हात तसाच खालीं येतांना दिसतो. उतार आजच्या पराभवांत दिसेल, पण तो कालच्या विजयांत शोधून सांपडणार नाहीं. उणीव असेल तर ती विजयांतहि हजर असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. या सामन्याच्या तयारींत लुईनें आळस केला होता. नवें लग्न झालें होतें, कीर्ति मिळाली होती, आणि तालमीपेक्षां गॉल्फचा नवा नाद प्रिय झाला होता. कांहीं लेखकांनीं सारा दोष या गॉल्फवर टाकला आहे. परंतु तयारी पूर्ण असती तरी हात खालींच आला असता. फार तर तो मार खाऊन आणखी दोनतीन फेऱ्या टिकला असता.

ब्लॅकबर्ननें निदान बरोबर केलें. लुईला विश्रांति न देतां त्यानें दोन महिन्यांच्या आंत, १८ ऑगस्ट रोजीं, माजी जगज्जेता जॅक शार्की याच्यासमोर त्याला उभें केलें आणि लुईनें त्याला तिसऱ्या फेरींत संपविलें. दरम्यान तालमींत डावा हात सरळ परत आणण्याचा घोंकंपट्टीसारखा पाठ चालू झाला. २२ जून १९३७ रोजीं शिकागो येथें जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरींत हरवून लुई जगज्जेता झाला. त्यानंतर बरोबर एक वर्षानें, २२ जून १९३८ रोजीं, त्याच यांकी स्टेडियमवर श्मेलिंग पुन्हां त्याच्यासमोर आला. मध्यंतरीं जगाचें राजकारण तापलें होतें. नाझी सरकारनें श्मेलिंगच्या पहिल्या विजयाचा डांगोरा पिटला होता. स्वतः श्मेलिंग त्या पक्षाचा सभासद नव्हता, आणि आपला ज्यू व्यवस्थापक त्यानें सोडला नव्हता, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. सामना १२४ सेकंदांत संपला. लुईनें या वेळीं दुरून जॅब मारीत बसण्याचें टाळलें. तो घंटा होतांच अंगावर गेला आणि श्मेलिंगच्या उजव्या हाताला उगारण्यापुरतें अंतरच मिळूं दिलें नाहीं. दोष सुधारण्याचे हे दोन मार्ग आहेत : एक तो काढून टाकणें, दुसरा तो उघडा पडेल असा प्रसंग येऊं न देणें. त्या रात्रीं लुईनें दोन्ही वापरले. दोन वर्षांपूर्वीं ज्यांनीं त्याला संपलेला म्हटलें होतें, त्यांना पुढें अकरा वर्षें तो जगज्जेता म्हणूनच पाहावा लागला. त्यानें आपलें पद पंचवीस वेळां राखलें.

येथेंच ही कथा थांबली असती तर निर्णय सोपा होता. पण दोष पुरता गेला होता काय ? ज्या सामन्यांत तो जगज्जेता झाला त्याच सामन्यांत पहिल्या फेरींत ब्रॅडॉकनें त्याला खालीं बसविलें होतें. १९३९ सालीं टोनी गॅलेन्टो या पिंपासारख्या देहाच्या गड्यानें, १९४१ सालीं बडी बेअरनें त्याला असाच धक्का दिला. दर वेळीं लुई उठला आणि जिंकला. लोक त्याच्या उठण्याचें कौतुक करीत. तो पडला कां, हें विचारण्याचें कोणाला कारण नव्हतें. खरी गोष्ट ही कीं, लुईचा बचाव हा मुख्यतः त्याच्या माऱ्यांत होता. त्याच्या हातांना एवढा वेग होता कीं, समोरच्याला छिद्र दिसेपर्यंत त्याच्यावर दोन ठोसे बसलेले असत.

मग युद्ध आलें. १९४२ च्या आरंभीं लुई सैन्यांत भरती झाला. ब्लॅकबर्न त्याच वर्षीं वारला. वयाचीं अठ्ठावीस ते एकतीस हीं मुष्टियोद्ध्याचीं भर जोमाचीं वर्षें सैनिकांपुढें प्रदर्शनाचे सामने करण्यांत गेलीं. ५ डिसेंबर १९४७ रोजीं जर्सी जो वॉलकॉट याच्याशीं त्याचा सामना झाला तेव्हां लुई तेहतीस वर्षांचा होता. वॉलकॉटनें त्याला पहिल्या फेरींत पाडलें आणि पुन्हां चौथ्या फेरींत पाडलें. दोन्ही वेळां उजव्या हातानें. अकरा वर्षांपूर्वींचा तो जुना रस्ता जणूं कोणीं झाडून साफ करून ठेवला होता. पंधरा फेऱ्या झाल्यावर लुई इतका खजील झाला होता कीं, निकाल जाहीर होण्याआधींच तो रिंगणांतून खालीं उतरूं लागला. त्याच्या माणसांनीं त्याला परत ओढलें. पंच रूबी गोल्डस्टाइन यानें वॉलकॉटच्या बाजूनें मत दिलें, पण दोघां परीक्षकांनीं लुईच्या बाजूनें दिल्यामुळें पद त्याच्याकडे राहिलें.

हा उतार होता कीं उणीव ? पडण्याची तऱ्हा पाहिली तर उणीव. पण ती उणीव दहा वर्षें झांकली होती ती ज्या वेगानें, तो वेग कमी झाला होता. जुन्या वाड्याच्या भिंतींतील भेग गिलाव्याखालीं असतेच. गिलावा पडला म्हणजे ती दिसूं लागते, आणि पाहणारा म्हणतो कीं भिंत आज फुटली. येथें दोन्ही कारणें एकमेकांच्या हातांत हात घालून उभीं असतात, आणि लोकांची फसगत याच टप्प्यावर होते. कारण तालमीचा उस्ताद उणीव पाहतो व म्हणतो, एवढी दुरुस्त केली कीं झालें. उणीव दुरुस्त होते. गिलावा पुन्हां बसत नाहीं.

केवळ वयाचा आंकडा धरून उतार ठरवितां येत नाहीं, हेंहि याच जोडींत दिसतें. वॉलकॉट लुईहून कांहीं महिन्यांनीं वडीलच होता. त्यानें १९५१ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, जगज्जेतेपद मिळविलें. आणि त्याच वर्षीं, त्याच वयांत लुईची काय अवस्था झाली तें पुढें येतच आहे. लुई पायांनीं कधींच चपळ नव्हता. त्याची भिस्त हातांवर होती. ज्याचें सर्वस्व एकाच गुणावर उभें आहे, त्याचा तो गुण ओसरला म्हणजे मागें कांहीं शिल्लक राहात नाहीं.

याच प्रश्नाचा दुसरा मोठा दाखला नंतरच्या पिढींतील मुहंमद अलीचा आहे, म्हणून तो थोडक्यांत पाहणें योग्य होईल. अली दोन्ही हात कमरेशीं ठेवून नाचत असे आणि ठोसा आला कीं हातानें न अडवितां डोकें मागें घेई. शास्त्राप्रमाणें हें सपशेल चूक. १९६३ सालीं, तो अजून कॅशियस क्ले असतांना, लंडनमध्यें हेन्री कूपरच्या डाव्या हुकनें त्याला पाडलें. १९७१ सालीं जो फ्रेझियरनें पंधराव्या फेरींत त्याच जातीच्या ठोशानें त्याला पाडलें. पाय व नजर तेज होती तोंवर हा दोष कलावंताची लहर म्हणून खपला. २ ऑक्टोबर १९८० रोजीं अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उतरला, तेव्हां वजन घटवून तो इतका देखणा झाला होता कीं पुष्कळांना तो तरुण झाल्याचा भास झाला. दहा फेऱ्यांत त्यानें जवळजवळ एकहि सार्थ ठोसा मारला नाहीं. शेवटीं त्याच्याच शिक्षकानें सामना थांबविला. तरी एक वर्षानें तो पुन्हां उतरलाच. १९८४ सालीं त्याला कंपवाताचा विकार असल्याचें निदान झालें. होम्सच्या सामन्याचें चित्र पाहतांना अलीवर कोणते ठोसे बसले हें मोजूं नये. त्याच्या हातून कोणते सुटले नाहींत तें पाहावें.

हीच खूण घेऊन लुईकडे परत यावयाचें. १९४८ सालीं वॉलकॉटशीं दुसऱ्या सामन्यांत तो तिसऱ्या फेरींत पुन्हां पडला, पण अकराव्या फेरींत वॉलकॉटनें क्षणभर ढिलाई केली आणि लुईच्या हातांनीं जुनें काम चोख बजावलें. १ मार्च १९४९ रोजीं त्यानें निवृत्ति जाहीर केली. सन्मानानें बाहेर पडण्याची ती उत्तम घटका होती. पण युद्धकाळांत ज्यानें दोन सामन्यांचें आपलें उत्पन्न आरमार व लष्कर यांच्या मदतनिधींस देऊन टाकलें होतें, त्याच्या नांवावर आतां करखात्याची पांच लाख डॉलरहून अधिक बाकी निघाली. पैसे मिळविण्याची दुसरी कोणतीहि विद्या त्याला अवगत नव्हती. २७ सप्टेंबर १९५० रोजीं छत्तीस वर्षांचा लुई आपल्याहून तीसेक पौंडांनीं हलक्या एझार्ड चार्ल्ससमोर उभा राहिला आणि पंधरा फेऱ्यांनंतर एकमतानें हरला. या सामन्यांत कोणतेंहि एक छिद्र नव्हतें. चार्ल्सचा डावा बसे, उजवा बसे, जवळून बसे, दुरून बसे. पुष्कळदां चार्ल्स उघडा पडे. लुईचा खांदा हले, उजवी मूठ किंचित् पुढें येई, आणि तोंवर चार्ल्स तेथून गेलेला असे. डोळ्याला संधि दिसत होती, पण डोळ्याची आज्ञा हातापर्यंत वेळेवर पोंचत नव्हती. सामना संपला तेव्हां त्याचा चेहरा सुजून गेला होता.

हें पाहूनहि निदान चुकीचेंच करण्यांत आलें. तयारीला वेळ कमी मिळाला, वजन अधिक होतें, दीड-दोन वर्षांचा गंज चढला होता, अशीं कारणें पुढें आलीं. आणि कारणें म्हणून तीं खोटींहि नव्हतीं. लुईनें त्यानंतरच्या अकरा महिन्यांत आठ सामने केले आणि आठहि जिंकले. या आठ विजयांनीं त्याचें जेवढें नुकसान केलें तेवढें चार्ल्सच्या ठोशांनींहि केलें नसेल. समोर येणारे कोणी दुसऱ्या प्रतीचे होते, कोणी स्वतःच उताराला लागलेले होते. पण हिशेबाच्या वहींत विजय तो विजयच. १९३६ सालीं एका पराभवावरून बावीस वर्षांच्या मुलाला संपलेला ठरविणारें जग १९५१ सालीं आठ विजयांवरून सदतीस वर्षांच्या माणसाला ताजा ठरवूं लागलें. पहिल्या वेळीं हात पाहणारा ब्लॅकबर्न होता. दुसऱ्या वेळीं तो नव्हता, आणि करखातें होतें.

२६ ऑक्टोबर १९५१ रोजीं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें अठ्ठावीस वर्षांचा रॉकी मार्सियानो त्याच्यासमोर आला. हा गडी आखूड हातांचा, ओबडधोबड आणि बेसुमार दमाचा. लुई त्या रात्रीं कांहीं वाईट लढला असें नव्हे. त्याचा जॅब आरंभींच्या फेऱ्यांत चांगला चालला. त्या डाव्या हातानें मार्सियानोला कित्येकदां थोपविलें. पण जॅब ज्याची वाट करून देतो तो उजवा हात मागून आलाच नाहीं. ज्या उजव्या हातानें श्मेलिंगला दोन मिनिटांत जमीनदोस्त केलें, तो संबंध सामन्यांत खांद्याशीं थबकून राहिल्यासारखा दिसतो. सातव्या फेरीपर्यंत त्याचा दम सरला.

आठव्या फेरींत मार्सियानोच्या डाव्या हुकनें लुई खालीं आला. उजव्या हातानें नव्हे. श्मेलिंगची ती जुनी वाट येथें कामास आली नाहीं, कारण आतां कोणतीहि वाट चालली असती. आठ आंकड्यांवर तो उठला. मार्सियानोनें त्याला दोरांपाशीं गांठलें, डावे मारले आणि मग एक उजवा मारला. लुई मागच्या मागें दोरांमधून निसटून रिंगणाच्या कांठावर पाठीवर पडला, आणि त्याचा एक पाय दोरावर अडकून राहिला. पंच रूबी गोल्डस्टाइनच होता. चार वर्षांपूर्वीं वॉलकॉटच्या बाजूनें मत देणारा तोच. त्यानें खालीं एकवार पाहिलें आणि आंकडे मोजण्यास सुरुवात न करतां दोन्ही हात हलवून सामना थांबविला. मार्सियानो नंतर लुईच्या खोलींत गेला आणि रडला, असें तेथें असलेल्यांनीं लिहून ठेवलें आहे. लहानपणापासून लुई हें त्याचें दैवत होतें. लुईनें त्याची समजूत घातली. त्यानंतर जो लुई अधिकृत सामन्याकरितां पुन्हां रिंगणांत उतरला नाहीं.